पाठमोऱ्या खुर्च्या

सुरू केलेलं गाणं काही झालं तरी मध्ये तोडायचं नाही, हा पेटीवालीचा नेम होता. ती लोकांच्या घरी जाऊन वाजवायची आणि गायची. कुणाचा दिवाणखाना, कुणाची गच्ची, कुणाचं मागचं अंगण. वीस-पंचवीस माणसं, माइक नाही, स्टेज नाही आणि गळ्यात अडकवलेलं बारा किलोचं अकॉर्डियन. घरात वाजवायचं म्हणजे शंभर भानगडी. आत मिक्सर सुरू होतो, बाळ रडतं, एखाद्या पाहुण्याला फोनचा आवाज कसा बंद करायचा ते नेमकं तेव्हाच आठवत नाही. एकदा यजमानांच्या कुत्र्याने तिच्या बुटाची नाडी चावून चावून तोडली, तरी हिने गाणं पुरं केलं आणि मगच पाय सोडवून घेतला. ताई म्हणायची, "घराला आग लागली तरी ही आधी कडवं संपवेल, मग बादली शोधेल."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी एकत्र राहत. ताईने तीस वर्षं हॉस्पिटलात नर्सचं काम केलं होतं, आणि आता ती बहिणीची गाडी चालवायची, खुर्च्या मांडायची आणि माणसांवर बारीक नजर ठेवायची. पेटीवालीने आधी दहा वर्षं एका हॉटेलच्या लॉबीत वाजवलं होतं, लिफ्टच्या बाजूला. तिथे लोक तिच्याकडे पाठ करून लिफ्टची वाट बघत उभे राहत. घरोघरी वाजवायला लागली ती एवढ्याचसाठी, की इथे माणसं समोर बसून, तोंडाकडे बघून ऐकतात.

अशाच एका घरी कार्यक्रम संपल्यावर एक बाई तिला भेटायला आल्या. बालवाडीत शिकवायच्या, आणि बोलायच्याही तशाच, समोरच्याला नीट समजलं की नाही याची खात्री करत करत. त्यांनी सांगितलं ते असं: त्या एका जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहतात. मालक ती पाडून नवी बांधणार आहे. सगळ्या भाडेकरूंनी कागदावर सह्या केल्यात, सहा महिन्यांत जो तो आपापल्या वाटेने जाईल. त्याआधी मागच्या अंगणात सगळ्यांनी मिळून एक दुपार घालवावी असं त्यांच्या मनात आहे. मालकाचा पुतण्या इमारतीचं काम बघतो, तो खुर्च्या देईल, कॉफी देईल, फार चांगला मुलगा आहे.

पेटीवाली नेहमी कार्यक्रमाच्या आधी जागा बघून यायची. मधोमध उभं राहून टाळी वाजवायची आणि आवाज कुठे जातो ते ऐकायची. तशी ती तिथेही गेली. मागचं अंगण लांबट होतं, शेवटाला उंच भिंत, आणि भिंतीसमोर इमारतीची पाठ, प्रत्येक मजल्यावर लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात एका ओळीत दारं. पुतण्या तिशीतला, शांत, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा. त्याने आपणहून सुचवलं की तिने भिंतीला पाठ करून बसावं आणि खुर्च्या तिच्याकडे तोंड करून मांडाव्यात, म्हणजे भिंत आवाज परत फेकेल. पेटीवाली खूश झाली. पेटीला मागे भिंत लागते हे न सांगता ओळखणारा तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता. त्याने आणखी एक सुचवलं. तिचं ते टाळ्यांचं लांब गाणं त्याने ऐकलं होतं, ते चौथं घ्यावं, तोवर लोक रंगात येतात. तेही तिला पटलं.

मग त्याने जराशी मान खाली घातली. एकच रुखरुख आहे, म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येणार नाहीत. तीन वर्षं त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. सही केली नाही ते ठीक, तो त्यांचा हक्क. पण माणूस असा कोंडून घेऊन झिजतो, ते बघवत नाही. आमच्यापैकी कुणाचं ते ऐकत नाहीत. तुम्ही कलाकार माणूस, तुम्ही एकदा विचारून बघा.

ती वर गेली.

काकांना सगळी इमारत कवळीकाका म्हणायची. अर्ध्या शहराच्या कवळ्या त्यांच्या हातच्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि त्याचा त्यांना धंद्याच्या दृष्टीने थोडा संकोचही वाटायचा. दार साखळीएवढं उघडून ते म्हणाले की गाणं त्यांना आवडतं, पण त्यांचं खाली येणं जमणार नाही. आपण उंबऱ्याबाहेर गेलो की हे मालकाचे लोक आत घुसणार. एकदा ताबा गेला की कोर्टात वर्षं जातात, आणि आपल्याजवळ तेवढी वर्षं शिल्लक नाहीत.

पेटीवालीला त्यांची कीव आली. म्हाताऱ्या माणसाला पछाडणारा संशय तिने स्वतःच्या बापात बघितला होता. ती वाद न घालता पेटी घेऊन व्हरांड्यात स्टुलावर बसली आणि दाराच्या फटीत वाजवायला लागली. दोन गाणी झाल्यावर आतून आवाज आला, "तुमचा वरचा एक सूर फुसका लागतोय."

सूर खरंच फुसका होता. आतली पातळ पट्टी बसवलेलं मेण सुटलं होतं, आणि ते बसवून देणारा कारागीर मरून दोन वर्षं झाली होती. कवळीकाकांनी साखळी काढली. खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाला नंबर. टेबलावर स्पिरिटचा छोटा दिवा, नाजूक कोरण्या, गुलाबी मेणाच्या वड्या. त्यांनी पेटी उघडायला लावली, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, आणि तासाभरात ती पट्टी अशी बसवली की सूर दातावर दात बसावा तसा बसला. ती पुन्हा दोनदा गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला कॉफी करून दिली आणि नाटकातल्या कुणा नटाचे खालचे दात भर प्रयोगात कसे उडाले ते सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने गळ घातली. एक तास, काका. दोन कुलपं लावा. समोर मी बसलेली असेन, तुमचं दार मला तिथून सरळ दिसतं.

"तुम्ही शब्द देता?" त्यांनी विचारलं.

"देते," ती म्हणाली.

त्या दुपारी कवळीकाका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. किल्ल्या दोरीत ओवून गळ्यात. लोकांनी उठून त्यांना जागा दिली, कुणी पाठीवर हात ठेवला. बालवाडीच्या बाईंनी त्यांना पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. पंचवीस-तीस खुर्च्या, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, पाठी इमारतीकडे. पुतण्या शेवटच्या रांगेमागे हात बांधून उभा राहिला.

तीन गाणी छान झाली. चौथं टाळ्यांचं गाणं. सात कडव्यांचं, बसथांब्यावर भांडणाऱ्या दोन जावांचं, आणि प्रत्येक कडव्याअखेर लोक टाळ्या देतात, पाय आपटतात. पाचवं कडवं संपता संपता पेटीवालीला दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात माणसं दिसली. चार, निळ्या कपड्यांत. रंगारी असतील असं तिच्या मनात आलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत तिने बघितलं की दोन माणसं कवळीकाकांच्या दाराच्या चौकटीत पहार घालतायत. सहाव्या कडव्याच्या मध्यावर दार चौकटीच्या लाकडासकट सरकलं आणि आडवं होऊन बाहेर आलं. मागून उरलेले दोघे एक तयार लोखंडी दार, त्याच्या चौकटीसकट, उचलून आणत होते.

आणि ती गात राहिली.

हे नंतर तिला स्वतःलाही धड सांगता आलं नाही. डोळे बघत होते, हात भाता ओढत होते, तोंड गात होतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हे कडवं होऊ दे. मग सातवं सुरू झालं, तेही होऊ दे. समोर कवळीकाका मांडीवर ताल धरून हसत होते. शेवटच्या टाळ्यांचा आवाज विरला तेव्हा तिने पेटी छातीशी धरली आणि म्हणाली, "काका, तुमचं दार."

सगळ्या खुर्च्या एकदम वळल्या.

ताई सगळ्यांत आधी जिन्यात पोचली. पेटीवाली गळ्यात पेटी तशीच घेऊन धावली, प्रत्येक पायरीला भाता हुंदका द्यावा तसा वाजत होता. कवळीकाकांना दोन मजले चढायला वेळ लागला. वर काम संपलं होतं. जुन्या चौकटीच्या जागी करडं लोखंडी दार बसलं होतं, त्याला नवं कुलूप. जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्यावर दोन्ही कुलपं जशीच्या तशी, चौकटीच्या उखडलेल्या लाकडाला घट्ट लावलेली. काकांनी गळ्यातल्या किल्ल्या हातात घेतल्या, एक कुलूप उघडलं, मग दुसरं. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले.

पुतण्या घाई न करता वर आला. त्याने सांगितलं की खोलीचं छत धोकादायक झालं होतं, त्याच्याजवळ इंजिनिअरचा कागद आहे, काकांचं सामान जपून बांधलं जाईल, फक्त पत्ता द्यावा. आवाज तोच, शांत. पेटीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला वाटेल ते बोलली, मालकाला बोलली, त्याच्या सात पिढ्यांना बोलली, आणि त्याने नेहमीसारखं तिचं प्रत्येक वाक्य पुरं होऊ दिलं. शेवटी तिने लोखंडी दाराला लाथ घातली. दार हललंही नाही, तिच्या अंगठ्याचं नख मात्र काळंनिळं झालं.

खाली निम्मे लोक अजून अंगणातच होते. काही वर आले होते ते जमिनीकडे बघत उभे होते. सगळ्यांनी सह्या केलेल्या, सगळ्यांना नव्या घराच्या किल्ल्या त्याच मालकाकडून मिळायच्या होत्या. एका गृहस्थाने ताईला बाजूला घेऊन हळूच विचारलं की उरलेला कार्यक्रम होणार आहे का. ताईने त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपली खुर्ची घडी करून आत घेऊन गेला.

बालवाडीच्या बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. पेटीवालीने त्यांना गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला एवढंच सांगितलं होतं की दार बदलायचंय," बाई म्हणाल्या. "जुनं झालंय म्हणून. काकांना कळलं तर ते उगाच घाबरतील, म्हणाला."

"आणि माझ्याकडे आलात ते कुणाच्या सांगण्यावरून?"

बाईंनी आधी जिन्यात कुणी ऐकतंय का ते बघितलं. मग म्हणाल्या, "तुमचं गाणं मला खरंच आवडतं हो."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

पोलीस चौकीत हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा, असं सांगितलं. पेटीवालीने टेबलावर हात आपटला. ताईने तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. संध्याकाळी दोघींनी काकांना आपल्या घरी आणलं. ते खुर्चीच्या कडेला बसले, निघायच्या तयारीत बसावं तसे. ताईने वाढलेलं मुकाट्याने जेवले. मग त्यांनी पेटीवालीकडे बघितलं.

"तुम्हाला तिथून दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

तिला खोटं बोलता आलं असतं. शेवटच्या क्षणी दिसलं, असं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने मानलंही असतं. ती म्हणाली, "सहाव्या कडव्यापासून."

"गाणं किती कडव्यांचं आहे?"

"सात."

त्यांनी मान हलवली. चौथ्या दिवशी त्यांची भाची येऊन त्यांना दुसऱ्या गावी घेऊन गेली. जाताना त्यांनी ताईचा निरोप घेतला. पेटीवालीचा नाही.

त्यानंतर पेटीवालीचा राग घरभर भरून राहिला. ती भांडी आदळायची, फोनवर भांडायची, पेटीला हात लावायची नाही. आणि लावला की असं वाजवायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. ज्या ज्या घरी कार्यक्रम होता तिथे ती गाणी सुरू करण्याआधी ही हकिगत सांगायची, इमारत कुठली, मालक कोण, पुतण्या कोण, सगळं. पहिल्यांदा लोकांनी हळहळ केली. मग एका यजमानीण बाईंनी प्रेमाने सुचवलं की लोक जरा मन रमवायला येतात, तर तेवढं टाळता आलं तर बरं. पेटीवालीने त्यांच्या दिवाणखान्यात तिथल्या तिथे पेटी बंद केली आणि घरी निघून आली. बोलावणी आटली. ताई एकदा म्हणाली की तू रागवतेस ते बरोबर आहे, पण जगावर रागवलीस म्हणजे स्वतःवरचा राग फिटत नाही. त्यावर दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पण काकांच्या भाचीला वकील शोधून दिला तो ताईनेच. वकिलाने सरळ सांगितलं: अंगणातल्या कुणालाही साक्षीला बोलावलं तरी तो म्हणणार की मी काही बघितलं नाही, आणि ते खरंच असणार. खुर्च्या तशाच मांडल्या होत्या. पुतण्याचं म्हणणं आता असं की खोली आधीपासून रिकामी होती, काकांनी राजीखुशीने सामान हलवलं होतं. दार उखडताना बघणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला स्वतःची शोभा करून घ्यावी लागेल.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. पुतण्याच्या वकिलाने अगदी गोडीत विचारलं की तिने नक्की काय बघितलं, किती अंतरावरून, ऊन डोळ्यांवर होतं का. मग त्याने चष्मा काढला.

"दार निघताना तुम्हाला दिसलं, तरी तुम्ही गात राहिलात?"

"हो."

"किती वेळ?"

"एक मिनिट पन्नास सेकंद. घरी घड्याळ लावून गाऊन बघितलं."

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसला. "म्हणजे तुम्हालाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही."

पेटीवालीच्या घशाशी शिव्या आल्या होत्या. तिने कठडा धरला. "वाटलं," ती म्हणाली. "तरी गायले. ती माझी चूक, आणि ती मी काकांना त्याच दिवशी सांगितली. पण मी गात होते म्हणून त्यांनी दार काढलंच नाही, असं होत नाही. पहार दोन माणसांच्या हातात होती. दोन्ही कुलपं लावलेली होती. रिकाम्या खोलीला कुणी दोन कुलपं लावून किल्ल्या गळ्यात घालत नाही."

न्यायाधीशबाईंनी ते शेवटचं वाक्य लिहून घेतलं. कवळीकाका भाचीजवळ बसले होते. ते समोर बघत राहिले, तिच्याकडे नाही.

अकरा महिन्यांनी हुकूम आला: खोलीचा ताबा परत द्यावा. तोवर इमारत जवळजवळ रिकामी झाली होती. बालवाडीच्या बाई नव्या घरी गेल्या होत्या. त्यांनी एकदा फोन केला होता, पेटीवालीने उचलला नाही. ताब्याच्या दिवशी सकाळी कोर्टाचा बेलीफ आला, भाची काकांना घेऊन आली, आणि गोदामातून काकांच्या सामानाची पोती टेम्पोतून आली. बऱ्याच पोत्यांत नुसता प्लॅस्टरचा चुरा होता. खोलीत शिरताच काकांनी भिंतीवरून हात फिरवला. फळ्या उखडलेल्या, टेबल नाही, नळ कोरडा.

पुतण्याही हजर होता. बेलीफच्या कागदावर सही करून त्याने किल्ली काकांच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, अदबीने. जाता जाता तो पेटीवालीपाशी थांबला.

"एक सांगू का? त्या दिवशी तुम्ही फार सुंदर वाजवलंत. मी शेवटपर्यंत ऐकत होतो."

अकरा महिने ती मनातल्या मनात याच्याशी भांडत आली होती, स्वयंपाक करताना, गाडीत, आंघोळीला. इतकी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाला आलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठीच वाजवत होते. तेव्हा मला कळलं नव्हतं, एवढंच."

त्याने नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. ताईने तिच्या हातात एका पोत्याचं टोक दिलं आणि दुसरं आपण धरलं.

"उचल," ताई म्हणाली. "रागात ताकद जरा जास्त असते."

दोघींनी पोतं दारापर्यंत आणलं. कवळीकाका दारात उभे होते. त्यांनी ताईकडे बघितलं, मग त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच पेटीवालीकडे.

"तुम्ही कोर्टात खरं बोललात," ते म्हणाले. "त्याचे उपकार आहेत. पण माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही."

"माझाही गेलेला नाही," ती म्हणाली.

म्हातारा आत जायला वाट देऊन बाजूला सरकला, आणि खाली आणखी आठ पोती आहेत, म्हणाला.